पिकअपचा हिशेब : जुनी फटफटी आणि जुन्या वळणाची नवी गाडी

ट्रायम्फ कंपनीने १९५९च्या हंगामासाठी इंग्लंडमधल्या मेरिडनच्या कारखान्यातून ‘बॉनव्हिल टी१२०’ ही मोटारसायकल बाजारात आणली. इंजिन दोन सिलिंडरांचे, ६४९ सीसीचे. शक्ती ४६ अश्वशक्ती. नोव्हेंबर २०१८मध्ये रॉयल एन्फील्डने भारतात ‘इंटरसेप्टर ६५०’ विक्रीला काढली. तिचेही इंजिन दोन सिलिंडरांचे, ६४८ सीसीचे. शक्ती ४७ अश्वशक्ती. मधल्या साठ वर्षांत कार्ब्युरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आले. किक गेली, बटण आले. पुढचा ड्रम ब्रेक जाऊन डिस्क आणि एबीएस आले. या सगळ्याची कागदावरची कमाई एक अश्वशक्ती.

जुन्या मोटारसायकली आणि त्यांच्या रूपावर बेतलेल्या नव्या, म्हणजे ‘मॉडर्न रेट्रो’ गाड्या, यांच्या पिकअपची तुलना करू लागले की असे आकडे वारंवार समोर येतात. काही जोड्यांत नवी गाडी जुनीला पार मागे टाकते, काहींत दोघी बरोबरीत सुटतात, आणि एका प्रसिद्ध जोडीत जुनीच जिंकते. यातल्या कुठल्या जोडीत काय होते आणि का, हे समजायला आधी पिकअप म्हणजे नेमके काय ते पाहावे लागते.

शाळेच्या पुस्तकात ज्याला त्वरण म्हणतात त्यालाच गॅरेजमध्ये पिकअप म्हणतात, असे ढोबळमानाने धरले जाते. प्रत्यक्षात गॅरेजमधल्या या एका शब्दात तीन गोष्टी कोंबलेल्या असतात : सिग्नलवरून सुटतानाचा झटका, थांबलेल्या गाडीला शंभराचा वेग गाठायला लागणारा वेळ, आणि गिअर न बदलता नुसती मूठ पिळून पुढचा ट्रक मागे टाकण्याची ताकद. या तिन्हींत एकच गाडी पुढे असेल असे नाही. जुन्या-नव्याचे बरेचसे वाद दोन माणसे वेगवेगळ्या पिकअपविषयी बोलत असल्यामुळेच होतात.

‘विंटेज’ हा शब्दही सैल वापरला जातो. ब्रिटनमधल्या जुन्या मोटारसायकलींच्या क्लबांत १९३१पूर्वीच्या गाडीलाच विंटेज म्हणण्याची रीत आहे. भारतात २०२१च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली आणि मूळ रूपात जपलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. या प्रकरणात मात्र बोलीतला अर्थच घेतला आहे : जिचे रूप आज पुन्हा विकले जाते, ती जुनी गाडी.

गाडीचे त्वरण ठरवणारे सूत्र साधे आहे. मागच्या चाकाने रस्त्याला दिलेले बल घ्यायचे, त्यातून हवेचा आणि टायरचा विरोध वजा करायचा, आणि उरलेल्याला एकूण वस्तुमानाने भागायचे. ‘एकूण’ या शब्दात चालवणाराही येतो. तो ७५ किलोचा धरला तर १०० किलोच्या गाडीला तो जड ओझे असतो आणि २५० किलोच्या गाडीला फारसा जाणवतही नाही. म्हणून अश्वशक्तीला नुसत्या गाडीच्या वजनाने भागून काढलेले जाहिरातीतले गुणोत्तर हलक्या गाड्यांना उगाच मोठे करून दाखवते. पुढचे सगळे हिशेब स्वारासकट केलेले आहेत.

एक उदाहरण पुरते सोडवून पाहण्यासारखे आहे. २०२१च्या रॉयल एन्फील्ड क्लासिक ३५०चे वजन १९५ किलो, शक्ती २०.२ अश्वशक्ती म्हणजे सुमारे १५ किलोवॅट. गिअरबॉक्स आणि चेन यांत थोडी वाया जाऊन चाकापाशी १३ किलोवॅट पोहोचतात असे धरू. स्वारासह २७० किलोला ताशी १०० किलोमीटरचा वेग द्यायला सुमारे १ लाख ४ हजार ज्यूल गतिज ऊर्जा लागते. १३ किलोवॅटने ती आठ सेकंदांत मिळायला हवी. प्रत्यक्षात ही गाडी शंभरला पोहोचायला त्याच्या दुपटीच्या आसपास वेळ घेते. घोडे पेंड खाते ते हवेपाशी. ताठ बसलेल्या माणसाला आणि गोल हेडलाइटला ताशी ६० किलोमीटरला हवा भेदण्यासाठी दीड-पावणेदोन किलोवॅट पुरतात, पण हवेला द्यावी लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. शंभरला ती साडेसात किलोवॅटच्या पुढे जाते. टायरचे घर्षण आणखी एक किलोवॅट खाते. वेग वाढवायला शिल्लक राहतात जेमतेम चार-साडेचार. साठपर्यंत तरतरीत वाटणारी गाडी नव्वदच्या पुढे रेंगाळते ती याच कारणाने, आणि ३५० सीसीच्या सगळ्याच जुन्या-नव्या गाड्यांना हा नियम सारखा लागू आहे. रेट्रो गाडीला तर त्यातून सुटकाही नाही, कारण काउल लावून हवा बाजूला सारली की ती रेट्रो दिसत नाही.

मोजण्याच्या पद्धतीनेही निकाल बदलतो. जुन्या ब्रिटिश आणि अमेरिकी चाचण्यांत दोन मापे असत : शून्य ते ६० मैल, आणि उभ्या गाडीने पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, कापायला लागणारा वेळ. भारतीय मासिके शून्य ते ६० आणि शून्य ते १०० किलोमीटर मोजतात. ६० मैल म्हणजे साडेशहाण्णव किलोमीटर, हे विसरून ‘शून्य ते साठ’चे दोन आकडे शेजारी मांडले की जुनी इंग्लिश गाडी बिचारी बैलगाडी ठरते. अमेरिकी ड्रॅग पट्ट्यांवरच्या रिवाजाप्रमाणे सुरुवातीचे साधारण फूटभर अंतर घड्याळात धरत नाहीत. तेवढ्यानेही सेकंदाचा काही दशांश भाग वाचतो. गाडीवरच्या काट्यावर तर मुळीच विसंबता येत नाही. स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू नये, थोडा जास्त दाखवला तर चालेल, असाच नियमांचा कल असतो. केबलवर चालणारा जुना काटा तर खड्ड्यातून गेल्यावर वीसेक किलोमीटरच्या पट्ट्यात नाचत राहतो. आता चाचण्या उपग्रहाच्या संकेतांवर वेग मोजणाऱ्या उपकरणाने होतात, त्यामुळे आजचा आकडा आणि १९६०चा आकडा एका तराजूत तोललेले नसतात.

याहून महत्त्वाचा एक गणिती भाग सहसा सांगितला जात नाही. हवेचा विरोध बाजूला ठेवला आणि शक्ती स्थिर धरली, तर ठरावीक वेग गाठायला लागणारा वेळ शक्तीच्या सरळ व्यस्त प्रमाणात बदलतो : शक्ती दुप्पट, वेळ निम्मा. ठरावीक अंतर कापायला लागणारा वेळ मात्र शक्तीच्या घनमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. शक्ती दुप्पट केली तरी पाव मैलाचा वेळ फक्त २१ टक्क्यांनी घटतो. तो निम्मा करायचा तर शक्ती आठपट लागते. म्हणून ज्याला दोन गाड्यांतला फरक मोठा दाखवायचा आहे तो शून्य ते शंभरचा आकडा सांगतो, आणि ज्याला लहान दाखवायचा आहे तो पाव मैलाचा. दोघेही खरेच बोलत असतात.

आता जोड्या. भारतात पहिला मान रॉयल एन्फील्डच्या बुलेटचा. इंग्लंडमधल्या रेडिच इथे घडलेली ३५० सीसीची ही गाडी १९४९पासून विकली जाऊ लागली आणि १९५५मध्ये मद्रासमधल्या भागीदारीतून ती भारतीय झाली. बोअर ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९० मिलिमीटर, ३४६ सीसी, १८ अश्वशक्ती. इंजिनाचे कॉम्प्रेशन साडेसहास एक इतके कमी, आणि त्यामागे इतिहास आहे. महायुद्धामुळे ब्रिटनमध्ये सगळ्या कंपन्यांचे पेट्रोल एकत्र करून ‘पूल’ पेट्रोल विकले जाई, ते १९५३पर्यंत चालले. त्याचा ऑक्टेन सत्तरीच्या आसपास. त्या पेट्रोलवर जास्त कॉम्प्रेशनचे इंजिन खडखडू लागते, पिस्टनला भोक पडू शकते. थोडक्यात, रेशनच्या पेट्रोलवर वाढलेले हे इंजिन पुढे भारतात किरकोळ बदलांनिशी पन्नासहून अधिक वर्षे विकले गेले.

२०२१च्या क्लासिक ३५०चे इंजिन पूर्ण नवे : ७२ बाय ८५.८ मिलिमीटर, ३४९ सीसी, कॉम्प्रेशन साडेनऊस एक. ऊष्मागतिकीच्या आदर्श सूत्राने पाहिले तर नुसते कॉम्प्रेशन साडेसहावरून साडेनऊवर नेल्याने त्याच पेट्रोलातून साधारण १२-१३ टक्के जास्त काम मिळायला हवे. शक्ती १८वरून २०.२ झाली, म्हणजे १२ टक्के वाढली. हिशेब चोख जुळतो. पण तो जुळण्यात योगायोगाचाही वाटा आहे, कारण मधे उत्सर्जनाचे आणि आवाजाचे नियम आले, एप्रिल २०२०पासून बीएस-६ लागू झाले, आणि इंजिनाने एका हाताने जे मिळवले त्यातले काही दुसऱ्या हाताने सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला द्यावे लागले.

वजनाचे काय? जुनी बुलेट १६५ किलोच्या आसपास, नवी १९५. तीस किलो कुठे गेले ते गाडीभोवती एक फेरी मारली तर दिसते : स्टार्टर मोटर, मोठी बॅटरी, दोन डिस्क, एबीएसचा पंप, टाकीतला इंधनपंप, इंजिनातला बॅलन्सर शाफ्ट, जाड नळ्यांची फ्रेम. शिवाय जुन्या रूपासाठी मडगार्ड पत्र्याचेच हवे, प्लॅस्टिकचे चालत नाही. स्वारासह टनामागे अश्वशक्ती काढली तर जुन्या बुलेटची ७५ येते आणि नव्या क्लासिकचीही ७५. सत्तर वर्षांची प्रगती वजनाने तंतोतंत गिळली.

तरीही दोन्ही गाड्या शेजारी उभ्या करून सोडल्या तर नवी पुढे जाते, आणि ती का जाते हे जुनीच्या सीटवर बसल्याशिवाय कळत नाही. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाखाली, ब्रेक डाव्या. पहिला वर, बाकीचे तीन खाली. ॲमीटरचा काटा मधोमध येईपर्यंत किक हळूहळू दाबायची, डावीकडचा डीकॉम्प्रेशनचा छोटा लिव्हर ओढून पिस्टन जरासा पुढे सरकवायचा, मग एकच पूर्ण किक. सुटताना पहिला गिअर लवकर संपतो. दुसऱ्यात टाकायला क्लच दाबायचा, क्षणभर थांबायचे, मग पाय खाली. घाई केली तर दात नीट बसत नाहीत. गाडी दोन गिअरांच्या मधल्या खोट्या न्यूट्रलमध्ये सापडते, इंजिन रिकामे किंचाळते आणि मागचा स्कूटरवालाही पुढे निघून जातो. एका गिअरबदलात अर्धा-पाऊण सेकंद सहज जातो, आणि गिअर चारच असल्याने प्रत्येक बदलानंतर इंजिनाचे फेरे बरेच खाली येतात, तिथून त्याला पुन्हा चढायचे असते. नव्या गाडीला पाच गिअर आहेत, ते जवळजवळ आहेत आणि बोटाने ढकलावे तसे पडतात. म्हणजे सारख्याच शक्तीपैकी जास्त वाटा ती जास्त वेळ वापरते.

दुसरे कारण फ्लायव्हील. जुन्या एकसिलिंडरी इंजिनात दोन ठोक्यांमधला लांब पल्ला निभावून नेण्यासाठी जड फ्लायव्हील असे. बुलेटचा तो संथ ठोका त्याचीच देणगी. पण गाडीचा वेग वाढवताना हे चाकही जास्त वेगाने फिरवावे लागते. पहिल्या गिअरमध्ये गाडी थोडी पुढे जाईस्तोवर इंजिनाचे फेरे हजारोंनी वाढलेले असतात, त्यामुळे इंजिनाच्या मेहनतीचा मोठा हिस्सा गाडीऐवजी स्वतःचेच चाक फिरवण्यात खर्च होतो. टॉप गिअरमध्ये हा तोटा नगण्य होतो. म्हणून जुनी बुलेट सिग्नलवर सुस्त आणि चढावर खंबीर वाटते.

याच्या उलट टोकाला यामाहा आरएक्स १००. नोव्हेंबर १९८५मध्ये आलेली ही ९८ सीसीची टू-स्ट्रोक गाडी ११ अश्वशक्तीची, वजन १०३ किलो. स्वारासह टनामागे ६२ अश्वशक्ती, म्हणजे बुलेटपेक्षा कमीच. तरी पिकअप म्हटले की महाराष्ट्रातल्या एका पिढीच्या तोंडी आजही आधी तिचेच नाव येते. हलके फ्लायव्हील, आखूड गिअर, आणि टू-स्ट्रोक असल्याने क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक ठोका. साठच्या आत, जिथे हवेचे फारसे चालत नाही, तिथे एवढे भांडवल पुरते. त्यात भर स्वभावाची : ठरावीक फेऱ्यांपर्यंत गाडी निरुत्साही असते आणि मग अचानक खेचू लागते. माणसाच्या शरीराला त्वरणापेक्षा त्वरणातला बदल जास्त जाणवतो. बस एकसारखा वेग घेत असेल तर उभा प्रवासी स्वतःला सावरून घेतो, तो पडतो ते धक्क्याने. टू-स्ट्रोकचा पिकअप अंगात शिरतो तो असा. नव्या रेट्रो गाड्यांचा टॉर्क खालपासून वरपर्यंत सपाट पसरवलेला असतो. त्या घड्याळात जलद असूनही अंगाला मंद वाटतात.

जिथे जुनीच जिंकते ती जोडी याच घराण्यातली. १९८३मध्ये एस्कॉर्ट्सने यामाहाच्या सहकार्याने राजदूत ३५० भारतात आणली. मूळची जपानी आरडी ३५०. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, सहा गिअर. जपानी गाडी ३९ अश्वशक्तीची होती. भारतासाठी मायलेज वाढवायला इंजिन आवळून ते साडेतीस अश्वशक्तीवर आणले, आणि नंतर आणखी आवळून २७वर. एवढे करूनही साडेतीसच्या राजदूतची टनामागे अश्वशक्ती स्वारासह १३०च्या पुढे जाते. आज शोरूममध्ये उभी असलेली क्लासिक ३५० त्याच्या निम्म्याच्या थोडी वर. सीसी तेवढेच, नाव तेवढेच आदरणीय, काळ चार दशकांनी पुढचा. फरक पडला तो टू-स्ट्रोकच्या मरणाने : अर्धवट जळालेले पेट्रोल आणि तेल धुरातून बाहेर टाकणारे हे इंजिन प्रदूषणाच्या नियमांपुढे टिकले नाही. राजदूत ३५०ची दुसरी बाजूही सांगायला हवी. जपानी गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता, भारतीय गाडीला दोन्हीकडे ड्रम मिळाले. एवढा वेग घेणारी गाडी तेवढ्याच खात्रीने थांबत नसे. पिकअपच्या तक्त्यात ब्रेकचा रकाना नसतो, ही त्या तक्त्याची मोठीच उणीव आहे.

जावाची गोष्ट सरळ आहे. म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६०च्या दशकात बनवलेली २५० सीसीची टू-स्ट्रोक गाडी १२ अश्वशक्तीच्या आसपासची. किक आणि गिअर एकाच दांडीवर : किक मारून झाली की तीच दांडी पुढे वळवून गिअरला वापरायची, आणि ती दाबली की क्लच आपोआप सुटायचा. नोव्हेंबर २०१८मध्ये त्याच रूपात आलेल्या नव्या जावाला २९३ सीसीचे, पाण्याने थंड होणारे फोर-स्ट्रोक इंजिन मिळाले. २७ अश्वशक्ती, १७० किलो. टनामागे अश्वशक्ती जवळपास दुप्पट. इथे तुलनेत फारसे रहस्य नाही. जुनी जावा वेगासाठी कधी नावाजलीच नव्हती.

पुन्हा बॉनव्हिल आणि इंटरसेप्टरकडे. १९५९च्या बॉनव्हिलचे कोरडे वजन १८३ किलो. पेट्रोल, तेल आणि स्वार धरून २७०. टनामागे १७० अश्वशक्ती. इंटरसेप्टरचे पेट्रोलाविना २०२, सगळे धरून २८७, टनामागे १६४. कागदावर आजीच पुढे. पाव मैल दोघींनाही १४-१५ सेकंदांच्या घरातला. पण आजीचा ४६ हा क्रँकपाशी मोजलेला, कंपनीने छापलेला आकडा आहे, आणि त्या काळी मोजणीच्या इंजिनाला एअर फिल्टर आणि सायलेन्सर असत की नाही हे कंपनीच्या मर्जीवर असे. पत्रकारांना चाचणीसाठी दिलेली गाडी शोरूममधल्या गाडीपेक्षा जरा जास्त मनापासून जुळवलेली असे, हेही त्या काळचे उघड गुपित होते.

खरा फरक पिस्टनच्या वेगात दिसतो. बॉनव्हिलचा स्ट्रोक ८२ मिलिमीटर. ६५०० फेऱ्यांना पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला पावणेअठरा मीटर. इंटरसेप्टरचा स्ट्रोक ६७.८, ७२५० फेऱ्यांनाही वेग १६.४ मीटरच. बोअर रुंद आणि स्ट्रोक आखूड केल्याने जास्त फेरे घेऊनही पिस्टन कमी धावतो. त्यात बॉनव्हिलचे दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर आणि एकाच वेळी खाली जात. वरच्या फेऱ्यांना हँडलला आणि फूटरेस्टला मुंग्या येत, नट ढिले होत, बल्बच्या तारा तुटत. म्हणून ४६ अश्वशक्ती अस्तित्वात असूनही स्वार तिथपर्यंत क्वचित जाई. इंटरसेप्टरच्या क्रँकचे दोन गुडघे २७० अंशांनी फिरवलेले आहेत आणि जोडीला बॅलन्सर आहे; तिची ४७ रोज, दर सिग्नलला, दुपारच्या उन्हातही वापरता येतात. जुन्या गाडीचा आकडा हा तिने गाठलेला उच्चांक आहे, नव्या गाडीचा आकडा हा तिचा नित्याचा रतीब आहे. दोन युगांतली तुलना जिथे फसते ती बहुतेक वेळा इथेच.

खुद्द ट्रायम्फने, म्हणजे मेरिडन बंद पडल्यावर हिंकली इथे उभ्या राहिलेल्या नव्या ट्रायम्फने, २०१६च्या टी१२०मध्ये वेगळा मार्ग घेतला. इंजिन १२०० सीसीचे, म्हणजे जवळपास दुप्पट. शक्ती मात्र ८०च. टॉर्क १०५ न्यूटन-मीटर, आणि तो अवघ्या ३१०० फेऱ्यांना. गाडी २२४ किलोची, तीही कोरडी. हे इंजिन पळण्यासाठी नव्हे, तर ओढण्यासाठी जुळवलेले आहे. टॉप गिअरमध्ये साठवरून शंभरवर जाताना फरक सगळ्यात ठळक दिसतो : जुन्या बॉनव्हिलला दोन गिअर खाली यावे लागते, नवीला नुसती मूठ पुरते.

पुण्याजवळच्या चाकणमध्ये बजाजने २०२३पासून बनवलेली ट्रायम्फ स्पीड ४०० ही या हिशेबातली गमतीची नोंद आहे. एकच सिलिंडर, ३९८ सीसी, ४०च्या आतबाहेर अश्वशक्ती, पेट्रोलासह १७६ किलोच्या आसपास. टनामागे सुमारे १५७. तिच्याहून अडीचशे सीसींनी मोठ्या १९५९च्या बॉनव्हिलच्या ती अगदी जवळ येते, ८००० फेऱ्यांच्या जोरावर.

मोठ्या गाड्यांत कावासाकीची जोडी अभ्यासायला सोयीची आहे, कारण दोन्ही गाड्या आपापल्या काळात वेगासाठीच बनवल्या गेल्या. १९७२ची झेड१ : चार सिलिंडर, ९०३ सीसी, ८२ अश्वशक्ती, कोरडे वजन २३० किलो. तिच्या रूपावरून बेतलेली, २०१७च्या अखेरीस दाखवलेली झेड९००आरएस : ९४८ सीसी, ११०च्या आसपास अश्वशक्ती, सगळ्या द्रवांसह २१५ किलो. नवी गाडी जुनीपेक्षा हलकी असण्याची ही दुर्मीळ जोडी. स्वारासह टनामागे अश्वशक्ती २५०वरून ३७५च्या पुढे गेली, म्हणजे दीडपट. घनमुळाच्या नियमाने पाव मैलाचा वेळ साधारण आठव्या हिश्शाने घटायला हवा. साडेबारा सेकंदांच्या आसपासचा अकराच्या आसपास आला, तो याच प्रमाणात. यापुढे शक्ती वाढवून फारसे साधत नाही. जोरात सुटताना सगळे वजन मागच्या चाकावर जाते आणि पुढचे चाक उचलू लागते. मोटारसायकलची लांबी आणि स्वारासह तिच्या गुरुत्वमध्याची उंची पाहता ही मर्यादा गुरुत्वीय त्वरणाच्या, म्हणजे सेकंदाला ९.८ मीटर प्रतिसेकंदाच्या, आसपास येते. त्या त्वरणाने शंभर गाठायला पावणेतीन-तीन सेकंद लागतातच, मग अश्वशक्ती दोनशे असो की चारशे. झेड१ला ही मर्यादा भेटण्याआधी तिच्या काळचे अरुंद टायर सुटत. आजचे रुंद रेडियल टायर धरून ठेवतात.

शेवटी उरते ती जुन्या गाडीची आजची अवस्था. १९६५च्या बुलेटवर आज घेतलेली चाचणी ही १९६५च्या बुलेटची चाचणी नसते. सिलिंडर झिजून पुन्हा बोअर केलेला असतो, पिस्टन ओव्हरसाइझ असतो, कार्ब्युरेटरची स्लाइड ढिली होऊन फटीतून हवा आत शिरत असते. उलट बाजूने मालकाने सहा व्होल्टची वायरिंग बारा व्होल्टची केलेली असते, पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलेले असते, कधी पाच गिअरांची पेटीही चढवलेली असते. सगळ्यात सहज लपणारा बदल पुढच्या स्प्रॉकेटचा. सोळा दातांच्या जागी पंधरा दातांचे बसवले की मागच्या चाकापाशी मिळणारे बल प्रत्येक गिअरमध्ये साडेसहा टक्क्यांनी वाढते. सिग्नलवर गाडी तेवढी चपळ होते, आणि शंभरकडे जाताना इंजिन त्याच प्रमाणात आधी दमते. बाहेरून पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. चेनचे झाकण काढून दातच मोजावे लागतात.